ई-स्कूटर की घडीची सायकल? घामाचं गणित

इंटर्नशिप लागली की हॉस्टेलवर पहिला प्रश्न पडतो, रोज जायचं कशाने? मला शिवाजीनगरहून पिंपरीला जायचं होतं, रूममेटला बावधनला. तो म्हणे ई-स्कूटर, मी म्हणे घडीची सायकल. मेसमध्ये वाद मिटेना, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी १५ किमी वेगाला टायरचा आणि हवेचा विरोध मिळून साधारण १३ न्यूटन भरतो. म्हणजे जेमतेम ५५ वॅट. आपल्या खोलीतला जुना पंखासुद्धा याहून जास्त खातो! आता ५ टक्के चढ घ्या. नुसत्या गुरुत्वाचेच ४४ न्यूटन. वेग ताशी १० किमीवर आणला तरी १५० वॅट लागतात. शरीराची कार्यक्षमता साधारण २५ टक्के, म्हणून त्या १५० वॅटमागे ४५० वॅट उष्णता अंगातून बाहेर पडायला हवी. ऑफिसात पोचल्यावर शर्ट ओला होतो तो त्यामुळे. तेव्हा आधी किलोमीटर मोजू नका, वाटेतले चढ मोजा.

छोट्या चाकाला जास्त पायडल मारावं लागतं, हा मात्र गैरसमज आहे. चाक १६ किंवा २० इंची असलं तरी पुढची दातेरी चकती त्या मानाने मोठी देतात, हिशेब जुळतो. तोटा होतो तो खड्ड्यात. ज्या खड्ड्यावरून मोठं चाक निभावून जातं, त्यात छोटं चाक आत बसतं. पुण्यात हा मुद्दा किरकोळ नाही.

स्कूटरला चढाचं काही वाटत नाही. ३ युनिटच्या बॅटरीत १०० किमी धरले आणि वीज ८ रुपये युनिट, तर किमीला २४ पैसे. चार्जिंगमधली गळती धरून ३० म्हणा. इथे रूममेट जिंकला. पण प्लग कुठे आहे? जिथे इस्त्री पकडली तरी दंड होतो, तिथे बॅटरी चार्ज करणार? आणि खोलीत किंवा जिन्यात ती करूही नये. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच बंद होते. इथे रेक्टरसाहेबांचं बरोबर आहे. (लायसन्स नसलेल्यांनी २५० वॅटपर्यंतची, ताशी २५ किमीच्या आतली गाडी पाहावी. पण दोघं बसून चढ चढायची आशा सोडा.)

माझं उत्तर मेट्रोने दिलं. १ ऑगस्ट २०२३ पासून शिवाजीनगर ते पिंपरी थेट गाडी आहे. दोन्ही टोकांना मिळून ४ किमी सायकल, तीही सपाट. मधे घडी घालून डब्यात. रूममेटच्या वाटेत चांदणी चौकाचा चढ, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय. त्याने स्कूटर घेतली, बरोबरच केलं.

सायकल घेणाऱ्यांनी दुकानात एक करा. बारा-तेरा किलोची ती घडी हातात धरून तीन मजले चढून बघा, मगच पैसे द्या. आपल्या हॉस्टेलला लिफ्ट नाही.