मेडोलँड्सचा मॉल आणि सार्वजनिक पैसा : एक अभ्यास

गतवर्षी आपल्या वादविवाद मंडळात ‘भव्य व्यापारी संकुले ही विकासाची खूण होत’ या विषयावर मी अनुकूल बाजूने बोललो होतो. रोजगार वाढतो, शासनाला कर मिळतो, म्हणून अशा संकुलांना शासनाने सढळ हाताने साहाय्य केले पाहिजे, असे मी टेबलावर मूठ आपटून सांगितले. टाळ्या पडल्या, दुसरे बक्षीसही मिळाले. कार्यक्रम संपल्यावर अर्थशास्त्राच्या आमच्या सरांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, “कर मिळतो म्हणालास, पण कुणाला आणि केव्हा? एखादे उदाहरण मुळापासून वाचून काढ.” उदाहरणही त्यांनीच सुचवले. ते अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे होते. तो अभ्यास करता करता माझे भाषण कसे ढासळत गेले, ते येथे मांडत आहे.

प्रथम जागेविषयी. न्यूयॉर्कमधील मॅनहटनच्या पश्चिमेस सुमारे दहा किलोमीटरांवर हॅकनसॅक नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला पाणथळ प्रदेश आहे. त्याला मेडोलँड्स म्हणतात. समुद्राची भरती नदीतून आत येते, गवताळ दलदलीवर पसरते आणि ओहोटीबरोबर परतते. एवढ्या मोठ्या शहराच्या शेजारी अशी जमीन असली की तिचे व्हायचे तेच झाले. विसाव्या शतकात ती कचऱ्याची जागा ठरली. न्यूयॉर्कचे भव्य पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडण्यात आले, तेव्हा त्याचे दगडी खांबसुद्धा याच दलदलीत आणून टाकले. पुढे १९७० च्या दशकात राज्याने येथे भराव घालून क्रीडासंकुल उभारले. १९७६ मध्ये तेथे जायंट्स स्टेडियम सुरू झाले.

दलदल म्हणजे पडीक जमीन, ही समजूत आपल्याकडेही काही कमी नाही. मीही तशीच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात अशी जमीन पुराचे पाणी सामावून घेते, गाळ व घाण गाळते, माशांच्या पिलांना आणि पाणपक्ष्यांना आश्रय देते. या सेवेचे बिल कोणी पाठवीत नाही, म्हणून अंदाजपत्रकात तिची किंमत शून्य दिसते. २९ ऑक्टोबर १९ ची नव्हे, अगदी अलीकडची, म्हणजे २०१२ ची ती रात्र पाहा. सँडी वादळाच्या भरतीचे पाणी बांधांवरून आत शिरले आणि मेडोलँड्सच्या कडेची मूनाकी व लिटल फेरी ही गावे बुडाली. अशा ठिकाणी पाण्याला पसरायला किती जागा ठेवायची, हा प्रश्न केवळ पक्षीप्रेमींचा राहत नाही.

१९९० च्या दशकात मिल्स कॉर्पोरेशन या कंपनीने याच प्रदेशातील कार्लस्टॅट येथे, ‘एम्पायर ट्रॅक्ट’ नावाच्या जमिनीवर, प्रचंड मॉल बांधण्याचे योजले. त्यासाठी दोनशे एकरांहून अधिक पाणथळ जमीन बुजवावी लागणार होती. अमेरिकेत १९७२ च्या जलशुद्धी कायद्यानुसार अशा भरावाला लष्कराच्या अभियंता विभागाची परवानगी लागते. पर्यावरणवादी संस्थांनी प्रखर विरोध केला आणि परवानगीचे घोडे वर्षानुवर्षे अडून राहिले.

अखेर २००३ मध्ये तोडगा निघाला. राज्याच्या क्रीडा प्राधिकरणाने आपल्या मालकीची क्रीडासंकुलातील जागा दीर्घ भाडेपट्ट्याने देऊ केली आणि मॉलसाठी मिल्सची योजना निवडली. मोबदल्यात कंपनीने एम्पायर ट्रॅक्टची ५८७ एकर जमीन संवर्धनासाठी सोडून दिली. ती आजही दलदल म्हणून टिकून आहे. वाहनांच्या गर्दीवरून आणि हवेच्या प्रदूषणावरून वाद झाले. तथापि दलदल वाचली, हा विजय खराच होता. माझ्या टिपणवहीत मी येथे ‘पर्यावरणाचा प्रश्न सुटला’ असे लिहून ठेवले होते. सरांनी त्याखाली रेघ ओढून लिहिले, ‘जमीन आता कोणाची?’

खरी गोम तेथेच होती. मॉल खाजगी जमिनीवरून सार्वजनिक जमिनीवर आला होता. सार्वजनिक जमिनीवर नेहमीचा मालमत्ता कर लागू होत नाही. त्याऐवजी विकासकाने करारान्वये ठरलेली रक्कम द्यायची असते. आपण तिला ‘करांऐवजीची रक्कम’ म्हणू. ऐकायला ही केवळ शब्दांची अदलाबदल वाटते. परंतु कर हा शाळा, रस्ते, अग्निशमन यांसाठी सरळ तिजोरीत जातो, तर करारातली रक्कम दुसऱ्या कोणाकडे वळवता येते. ती पुढे कशी वळली, ते पाहण्याआधी मधली पंधरा वर्षे झटकन ओलांडू.

‘झनाडू’ या नावाने २००४ मध्ये काम सुरू झाले. मिल्स कंपनी अडचणीत आली, प्रकल्प दुसऱ्यांच्या हाती गेला, लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाल्यावर पैशाचा ओघ आटला आणि २००९ मध्ये काम थांबले. महामार्गाकाठी रंगीबेरंगी पत्र्यांचा अर्धवट डोलारा तसाच उभा राहिला. राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी तर राज्यातली सर्वांत कुरूप इमारत म्हणून त्याची संभावना केली. आणि तरीही तिला साहाय्य देण्याच्या बाजूने तेच उभे राहिले! २०११ मध्ये कॅनडातील ट्रिपल फाइव्ह ही कंपनी पुढे आली. एडमंटन आणि मिनेसोटा येथील विख्यात मॉल तिचेच. नवे नाव ठेवले ‘अमेरिकन ड्रीम’.

आता पैशाकडे येऊ. २०१७ मध्ये या प्रकल्पासाठी सुमारे ११० कोटी डॉलरचे कर्जरोखे विकण्यात आले. ते विस्कॉन्सिन राज्यातील एका सार्वजनिक वित्तसंस्थेमार्फत निघाले. न्यू जर्सीतला मॉल, आणि रोख्यांवर नाव दूरच्या विस्कॉन्सिनमधल्या संस्थेचे. हे मला दोनदा वाचावे लागले. यांपैकी ८० कोटींच्या रोख्यांची परतफेड वर सांगितलेल्या ‘करांऐवजीच्या रकमे’तून व्हायची होती. उरलेल्या २८ कोटी ७० लाखांचे रोखे राज्याच्या अनुदानावर अवलंबून होते. हे अनुदान म्हणजे मॉलमध्ये जमणाऱ्या विक्रीकराचा काही भाग विकासकाला परत देण्याची योजना. तिची कमाल मर्यादा ३९ कोटी डॉलर होती. याखेरीज बँकांचे १६७ कोटींचे बांधकाम-कर्ज निराळेच.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या रोख्यांना राज्याची वा गावाची हमी नाही. मॉल बुडाला तर नुकसान रोखे घेणाऱ्यांचे. मॉलमध्ये विक्रीच झाली नाही तर अनुदानही द्यावे लागत नाही. मग जनतेचे गेले काय, असे समर्थक विचारतात. वादविवादात हा मुद्दा मला माहीत असता तर मला पहिलेच बक्षीस मिळाले असते.

परंतु मॉल चालला तरी काय होते, ते पाहावे. चाललेल्या मॉलने एरवी जो कर भरला असता, त्यातला मोठा वाटा मॉलच्याच बांधकामाचे कर्ज फेडण्यात जातो. रस्ता तर वापरला जातोच, बंबही लागतोच, पोलीसही लागतातच. तिजोरीतून नाणे बाहेर गेले नाही, एवढ्यावरून खर्च झाला नाही असे म्हणता येत नाही. तिजोरीत यायचे नाणे दारातच परतवले, तर तोही खर्चच. आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘संधी-खर्च’ हे प्रकरण मला या एका उदाहरणाने जेवढे कळले तेवढे वर्षभराच्या टिपणांनी कळले नव्हते.

दुसरा प्रश्न विक्रीचा. मॉलमध्ये होणारी विक्री नवी किती आणि दुसरीकडून हललेली किती? अमेरिकन ड्रीमपासून थोड्याच अंतरावर पॅरामस हे गाव आहे. तेथे १९५७ पासून गार्डन स्टेट प्लाझा हे मोठे बाजारसंकुल चालू आहे. गिऱ्हाईक तेथून उठून येथे आले, तर राज्याचा विक्रीकर वाढत नाही. तिकडे पूर्ण मिळणारा कर इकडे मात्र काही अंशी परत करावा लागतो. हे समजायला मला ग्रंथालयात जावे लागले नाही. आमच्या वडिलांचे जुन्या पेठेत कापडाचे दुकान आहे. गावाबाहेर वळणरस्त्यावर नवे संकुल झाले, त्या दिवाळीत आमच्याकडची गिऱ्हाइके तिकडे दिसली. गावातल्या साड्यांची संख्या त्यामुळे वाढली नाही. वडील म्हणाले, “अरे, लग्नं तेवढीच आहेत.” मी भाषण पाठ करीत होतो तेव्हा ते समोरच बसले होते, हे आता आठवते.

अमेरिकन ड्रीम २५ ऑक्टोबर २०१९ रोजी उघडला. आत करमणुकीची उद्याने, वर्षभर बर्फाची घसरगुंडी. नंतर पाण्याचे उद्यानही. पाच महिने होतात न होतात तोच, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे दारे बंद झाली, ती ऑक्टोबरात उघडली. हा दोष कोणाचा नव्हे. परंतु बांधकाम-कर्जासाठी मालकांनी एडमंटन आणि मिनेसोटा येथील मॉलमधला ४९ टक्के हिस्सा तारण ठेवला होता, तो २०२१ मध्ये धनकोंकडे गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये अनुदानावर आधारलेल्या रोख्यांचे व्याज ठरल्या दिवशी पूर्ण देता आले नाही.

त्यातच एक गमतीची गोष्ट. मॉल ज्या बर्गन परगण्यात आहे, तेथे जुन्या कायद्यानुसार रविवारी कपडे, फर्निचर इत्यादी विकण्यास बंदी आहे. लोकांना रविवारी रस्ते मोकळे हवे असतात, म्हणून त्यांनी हा नियम टिकवला. म्हणजे आठवड्यातील गर्दीच्या दिवशी उद्याने उघडी आणि दुकाने बंद! जागा निवडताना हा कायदा कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. पुढे मॉलमधील काही दुकाने रविवारी उघडू लागली, तेव्हा २०२५ मध्ये पॅरामस गावाने न्यायालयात दावा लावला.

जर्सी सिटीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला मी या मॉलविषयी विचारले होते. त्याने मुलाचे बर्फावर घसरतानाचे छायाचित्र पाठवले आणि लिहिले की मुलाला फार आवडले, पण तिकीट महाग आहे, आणि आमच्याकडून थेट आगगाडी नसल्याने मोटारच काढावी लागते. क्रीडासंकुलाला २००९ पासून रेल्वेचा फाटा आहे, मात्र त्यावरच्या गाड्या मुख्यतः सामन्यांच्या आणि मोठ्या कार्यक्रमांच्या दिवशी धावतात. वाहनांच्या धुराची जी भीती २००३ मध्ये व्यक्त झाली होती, तिचे उत्तर अशा रीतीने मोटारतळावरच राहिले आहे.

सरांच्या ‘केव्हा?’ या प्रश्नाचे उत्तर मला शेवटी रोख्यांच्या तपशिलात सापडले. करांऐवजीच्या रकमेवर आधारलेल्या रोख्यांपैकी शेवटच्या रोख्यांची मुदत २०५० मध्ये संपते. त्यांवरील व्याजदर ७ टक्के आहे. मॉल उघडला त्या वर्षी ईस्ट रदरफर्ड गावात जे मूल पाच वर्षांचे होऊन शाळेत जाऊ लागले, ते तेव्हा छत्तीस वर्षांचे असेल.