हिवाळी टायर : दोन की चार?



मॅगझिनच्या मराठी विभागाकडून निरोप आला, "काहीतरी टेक्निकल लिही, पण वाचताना झोप नको." टेक्निकल आणि झोप यांचं आपल्या कॉलेजात किती जुनं नातं आहे, हे शेवटच्या बाकावर चार वर्षं काढलेल्या माणसाला सांगायला नको. तरी प्रयत्न करतो. विषय आहे टायर. त्यातही हिवाळी टायर. नाक मुरडू नका, यात एक सपशेल चुकलेलं उत्तर आहे आणि ते माझं स्वतःचं आहे.

मी २०२१ ला आपल्याच मेकॅनिकलमधून बाहेर पडलो आणि २०२२ मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीतल्या केम्निट्झ या गावी आलो. दुसऱ्या वर्षी आम्ही तिघांनी (मी, नगरचा रूममेट आणि कोल्हापूरचा एक पाव्हणा) वर्गणी काढून एक जुनी पोलो घेतली. तीच पोलो, जी आपल्या चाकणला २०२२ पर्यंत बनत होती. छोटी गाडी, पुढे इंजिन, पुढच्याच चाकांना ड्राइव्ह. माझं जर्मन लायसन्स नुकतंच हातात पडलेलं, त्यामुळे स्टिअरिंगवर बहुतेक मीच.

उन्हाळा मजेत गेला. ऑक्टोबर उजाडला तसे इकडचे लोक एकमेकांना विचारू लागले, "टायर बदलले का?" आपल्याकडे जूनच्या तोंडावर 'छत्री काढली का' विचारतात ना, तसंच. इथे एक म्हणच आहे : 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न (ईस्टर). तेवढे महिने हिवाळी टायर. कायदा मात्र तारखेवर चालत नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला निसरडा थर असेल तर गाडीला हिवाळी टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट.

आमचं इंजिनिअरिंग

चार नवे टायर म्हणजे तिघांच्या महिनाभराच्या किराण्यावर घाला. मग आम्ही डोकं चालवलं. गाडी फ्रंट-व्हील-ड्राइव्ह. ओढतात पुढची चाकं, वळतात पुढची चाकं, इंजिनचं वजन पुढच्या चाकांवर, ब्रेकचा मोठा वाटाही पुढेच. मग मागची दोन चाकं करतात काय? नुसती मागून फरफटत येतात! म्हणजे हिवाळी टायर फक्त पुढे लावायचे. निम्मा खर्च, पूर्ण काम. एका माणसाकडून रिमसकट दोन जुनी चाकं ८० युरोला मिळाली आणि जॅक लावून आम्ही ती अंगणात स्वतःच बसवली.

खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत हे बघत होते. म्हणाले, "नूअर त्स्वाय?" म्हणजे, "फक्त दोनच?" मी त्यांना माझ्या तुटक्या जर्मनमध्ये फ्रंट-व्हील-ड्राइव्ह समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती मान 'होय' अशी हलली नव्हती, हे मला नंतर कळलं.

थुमच्या अलीकडचं वळण

डिसेंबर २०२३ मधला शनिवार. केम्निट्झहून दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर आन्नाबेर्ग-बुखहोल्त्स नावाचं जुनं खाणकामाचं गाव आहे. तिथला नाताळबाजार नावाजलेला. केम्निट्झ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, हे गाव सुमारे ६०० मीटरवर. म्हणजे रस्ता चढाचा, एर्ट्सगेबिर्गे डोंगरात शिरणारा. वर बर्फ पडलेला होता.

जाताना गाडी अशी चढली की विचारू नका. पुढचे टायर बर्फात दात रोवून ओढत होते. पाव्हणा म्हणाला, "बघ भावा, ८० युरोत काम झालं." आम्ही आजोबांवर दोन विनोदही केले.

परतताना अंधार पडला होता. थुम गावाच्या अलीकडे उतार आणि उजवीकडे एक साधं वळण. वेग चाळीसच्या आसपास. मी ॲक्सिलरेटर सोडला आणि ब्रेकला हलकेच पाय लावला. गाडीचं नाक आज्ञाधारकपणे उजवीकडे वळलं. मागचा भाग मात्र सरळच निघाला. मग डावीकडे. मग हेडलाइटमध्ये झाडं आडवी सरकली आणि आम्ही अख्खे फिरून, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लेनमध्ये, चढाकडे तोंड करून कडेच्या बर्फाच्या ढिगात थांबलो. एबीएस होतं, ते थरथरलं. ईएसपी आमच्या गाडीत नव्हतं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. इंजिन बंद पडलं होतं. मी ते चालू करून गाडी कशीबशी कडेला घेतली, तेवढ्यात वरून एक बस आली आणि आम्ही फिरलो होतो त्याच जागेवरून गेली. मध्ये किती वेळ गेला असेल? अर्ध्या मिनिटाच्या आत. नगरकर मागच्या सीटवर बसला होता. घर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

चुकलं कुठे?

फायनल इयरच्या व्हायवात आपले एक सर विचारायचे, "गाडी कशी चालते ते सगळेच सांगतात. ती कशी थांबते ते सांग." तेव्हा मी ब्रेकची आकृती काढून दाखवली होती. खरं उत्तर त्या रात्री कळलं : गाडी थांबवतात आणि वळणावर रस्त्यावर धरून ठेवतात ते टायर, आणि ते काम चारही टायर करतात. ड्राइव्ह कुठल्या चाकांना आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

वळणावर मागच्या टायरनाही आडवा जोर लागतो. तो मिळाला तरच मागचा भाग पुढच्याच्या मागोमाग येतो. ब्रेक लावला किंवा उतार लागला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. आधीच हलकी, त्यात थंडीने कडक झालेले उन्हाळी टायर. पुढे पकड, मागे नाही. मग नाक वळतं आणि शेपूट सुटते. यालाच पुस्तकात ओव्हरस्टिअर म्हणतात, आपण दोन मार्कांसाठी पाठ केलेलं.

गंमत (?) अशी की चारही टायर उन्हाळी असते तर गाडी चढावर केव्हाच घसरली असती, आम्ही घाबरून घरी परतलो असतो. दोन चांगले टायर लावून आम्ही गाडी सुरक्षित केली नव्हती. वर चढण्याइतकी चांगली आणि खाली उतरताना फसवेल इतकी वाईट केली होती. शिवाय कायद्यानेही चारही टायर हिवाळीच लागतात. काही झालं असतं तर विमा कंपनीच्या प्रश्नांना काय उत्तर देणार होतो?

थोडं गणित

थांबण्याचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ × म्यू × जी). ताशी ५० किमी, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. हिशेबापुरता म्यू कोरड्या डांबरावर ०.८, दाबलेल्या बर्फावर ०.३ आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ धरा. उत्तरं येतात सुमारे १२ मीटर, ३३ मीटर आणि ९८ मीटर. शेवटचं अंतर म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ पाच पिच! आणि यात तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. टायर निवडताना आपण या सूत्रातला फक्त म्यू थोडा वाढवू शकतो. वेगाचा वर्ग मात्र आपल्या उजव्या पायात असतो.

हा म्यू वाढतो कसा? एक, रबर. उन्हाळी टायरचं मिश्रण थंडीत कडक होतं. साधारण ७ अंशांखाली हिवाळी टायर लावा, असा इथला थम्ब रूल आहे. हिवाळी मिश्रण कमी तापमानातही मऊ राहील असं बनवतात. दोन, नक्षी. प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्यांना साइप म्हणतात. त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि खाचांत बर्फ भरून बसतो. बर्फ बर्फाला चांगला चिकटतो, हे शिमला-मनालीला बर्फाचा गोळा केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

निवडताना काय बघायचं?

पुढच्याच आठवड्यात आम्ही चार टायर घेतले. तेव्हा शिकलो ते असं :

१) खूण. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण हवी. ती बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळते. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं, त्यामागे चाचणीची अट नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त डोंगर-हिमकण असलेलेच टायर हिवाळी मानले जातात.

२) साईज. गाडीला मान्य असलेल्या साईजमधली अरुंद साईज घ्या. आमच्यासाठी ती १६५/७० आर १४ होती. रुंद टायर दिसायला भारी, पण अरुंद टायरखाली दाब जास्त असल्याने तो चिखलबर्फ कापून खाली टेकतो. आणि स्वस्तही पडतो!

३) आकडा आणि अक्षर. '८१ टी' म्हणजे एका टायरवर ४६२ किलो भार आणि ताशी १९० किमीपर्यंत वेग. छोट्या गाडीला एवढं पुष्कळ. 'क्यू' म्हणजे १६०. अक्षराची मर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल तर इथे ड्रायव्हरला दिसेल असं स्टिकर लावावं लागतं.

४) कुठला हिवाळा? मध्य युरोपचे हिवाळी टायर ओला रस्ता, चिखलबर्फ आणि हायवेचा वेग यांसाठी असतात. स्वीडन-फिनलंडकडचे त्याहून मऊ, कायमच्या बर्फासाठी. तिकडे खिळ्यांचेही वापरतात. जर्मनीत खिळ्यांना बंदी आहे. सपाट प्रदेशात, कमी फिरणाऱ्याला डोंगर-हिमकण असलेला ऑल-सीझन टायरही चालतो, पण तो तडजोड आहे. आम्हाला डोंगर जवळ, म्हणून आम्ही हिवाळीच घेतले.

५) वय. 'डीओटी' नंतरचे शेवटचे चार आकडे बघा. ३४१९ म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. आमच्या त्या ८० युरोंच्या जोडीवर ०९१२ होतं. आम्ही ते वाचलंसुद्धा नव्हतं.

६) नक्षीची खोली. जर्मनीत कायद्याने किमान १.६ मिमी, पण हिवाळी टायर ४ मिमीखाली गेला की बदला असं जाणकार सांगतात. शेजारच्या ऑस्ट्रियात ४ मिमी हाच नियम आहे.

७) हवा. गरम गॅरेजात २.२ बार भरली आणि बाहेर उणे ५ अंश असेल तर? थर्मोडायनॅमिक्स आठवा, केल्विन आणि ॲब्सोल्यूट प्रेशर घ्या : ३.२ × २६८ ÷ २९३, वजा १. उत्तर सुमारे १.९ बार. म्हणून हवा थंड टायरमध्येच तपासायची.

८) बसवताना टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघायचा आणि ५० किमीनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे.

चार टायर आम्हाला २६० युरोंना पडले. महिनाभर डाळ-भात खाल्ला. जानेवारीत पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच वळणावरून आलो, या वेळी तीसच्या वेगाने. गाडी रुळावरून यावी तशी आली. नगरकर या वेळी पुढे बसला होता.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात बर्फ नाही, हिवाळी टायरही नकोत. पण घरच्या छोट्या गाड्या बहुतेक फ्रंट-व्हील-ड्राइव्हच, आणि पावसाळ्यातला ताम्हिणी घाट आहेच. पैसे कमी म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे ठरलं की बाबा म्हणणार, "पुढे लाव, ड्राइव्ह पुढे आहे." सांगा त्यांना : नवी जोडी मागे आणि मागची, नक्षी चांगली शिल्लक असलेली जोडी पुढे. पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगमध्ये जाणवतं आणि पाय उचलायला सवड मिळते. मागचं घसरलं तर समजेपर्यंत गाडी फिरलेली असते. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये.

आजोबांना नंतर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अंगणात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि काठीने एकेका चाकाकडे बोट दाखवत मोजलं : एक, दोन, तीन, चार. मग मान हलवली. या वेळी ती 'होय' अशीच होती.