धाकटी लेक घर सांभाळते तिथे



ग्रामसंघाच्या बैठकीत एखादं मोठं काम पुढं आलं, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘आपल्याला नाही जमायचं बाई, बाईमाणसाचा स्वभावच भित्रा.’ गंमत अशी, की हे म्हणणारी रात्री अकराला वीज आली की एकटी रानात जाऊन दारं धरते. ती भित्री कशी? पण दर ठरवायचा असला, बोली लावायची असली, साहेबापुढं बोलायचं असलं, की ‘तुम्हीच जा’ म्हणते. मग हा स्वभाव जन्माचा, की वाढवताना लागलेला? हे समजून घ्यायला या वेळच्या अभ्यास पानात आपण मेघालयात जाऊ.

मेघालय हे आपल्या देशाच्या ईशान्येचं डोंगराळ, भरपूर पावसाचं राज्य. 1972 साली ते वेगळं झालं. तिथं खासी, जैंतिया आणि गारो या मोठ्या जमाती राहतात. तिन्हींमध्ये कूळ आईकडून चालतं. खासी लोकांचंच बघू.

खासी मूल आईच्या कुळाचं नाव लावतं. लग्न झालं की मुलगी सासरी जात नाही, जावई येतो. थोरल्या मुली काही काळानं आईच्या घराजवळ वेगळं घर करतात. वडिलोपार्जित घर मात्र सगळ्यात धाकट्या लेकीकडे राहतं. तिला खासी भाषेत ‘का खाद्दुह’ म्हणतात. घराबरोबर जबाबदारीही तिचीच: आईबापाचं म्हातारपण, त्यांचे अंत्यविधी, बिनलग्नाची किंवा मोडून परत आलेली भावंडं, सगळ्यांना आसरा तिच्या चुलीपाशी. म्हणजे ती मालकीण आहेच, पण राखणदार जास्त आहे. मनात आलं आणि घर विकलं, असं तिला करता येत नाही. आईचा भाऊ, म्हणजे मामा, आणि कुळातली माणसं विचारात घ्यावी लागतात. ज्या घरात मुलगीच नाही, तिथं नात्यातली मुलगी दत्तक घेऊन घर चालू ठेवायची रीत आहे. आपल्याकडे वंशाला दिवा पाहिजे म्हणून काय काय होतं ते आठवा, आणि मग हे परत वाचा.

हुंडा तिथल्या रीतीत नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मेघालयात 970 मुली होत्या, महाराष्ट्रात 894. याला कारणं अनेक असतील, पण ज्या घरात लेक म्हणजे घराचा आधार, तिथं ती पोटात नकोशी कशाला होईल?

शिलाँग शहरात ‘इयेवदुह’ नावाचा मोठा जुना बाजार आहे. भाजी, सुपारी, मासे, कापड, गाळ्यागाळ्यावर बायका बसलेल्या. गिऱ्हाईक त्यांना ‘काँग’ म्हणतं, म्हणजे ताई. हिशेब, भाव, उधारी सगळं त्यांच्याच हातात. पाहुण्याला पानसुपारी देण्याची पद्धत मात्र अगदी आपल्यासारखी!

आता एका प्रयोगाची गोष्ट. अमेरिकेतल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तो केला आणि 2009 साली छापला. एक गट खासी लोकांचा, दुसरा आफ्रिकेत टांझानिया देशात राहणाऱ्या मसाई लोकांचा. मसाई गुरं पाळतात. तिथं गुरांवर आणि घरावर पुरुषांची सत्ता. दोन्हीकडे बाया आणि पुरुषांना एकेकटं बोलावून एकच खेळ दिला. तीन मीटरवर बादली, हातात चेंडू, दहा वेळा टाकायचा. खेळायच्या आधी प्रत्येकानं निवड करायची. एक तर जितके चेंडू बादलीत जातील तितके ठरलेले पैसे घ्यायचे. नाहीतर एका अनोळखी खेळणाऱ्याशी स्पर्धा लावायची: त्याच्यापेक्षा जास्त पडले तर प्रत्येक चेंडूचे तिप्पट पैसे, कमी पडले तर काहीच नाही.

मसाई पुरुषांतल्या निम्म्यांनी स्पर्धा निवडली, मसाई बायांतल्या 26 टक्क्यांनी. खासी लोकांत उलटं झालं. स्पर्धा निवडणाऱ्या बाया 54 टक्के, पुरुष 39 टक्के. खेळणारी माणसं थोडी होती, तेव्हा एका खेळावरून सगळ्या जगाचा निकाल लावू नये. पण स्पर्धेला मागं सरणं बाईच्या रक्तातच असतं, तर खासी बाई पुरुषाच्या पुढं गेली नसती. लहानपणापासून जिला ‘हे घर तुझं, बाजारात तू बसायचंस’ असं ऐकायला मिळतं, तिचा हात वेगळा चालतो. आणि जिला ‘तू दुसऱ्याच्या घरची’ असं ऐकवलं जातं, तिचा वेगळा.

म्हणून मेघालयात बायकांचं राज्य आहे, असं मात्र समजू नका. पुष्कळ ठिकाणी तसं लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. गावाचा कारभार चालवणारी पारंपरिक सभा, ‘दरबार’, ही पुरुषांची. गावप्रमुखही पुरुषच असत आला. राज्यघटनेतला पंचायत राजचा भाग मेघालयाला लागू नाही, त्यामुळं आपल्यासारखं पंचायतीतलं महिला आरक्षणही तिथं नाही. 2023 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 60 जागांपैकी तीनच बाया निवडून आल्या. शिवाय काही खासी पुरुषांच्या संघटना म्हणतात, की या रीतीत बापाला आणि मुलाला जागा उरत नाही, रीत बदला. त्यांचं दुखणं अगदीच खोटं नाही. सासरी राहून परकं वाटणं म्हणजे काय, ते आपल्याइतकं कोणाला कळणार!

म्हणजे बघा, त्यांच्या हातात घर आहे, पण सभेत खुर्ची नाही. आपल्याकडे 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायांना आहेत, पण सातबाऱ्यावर नाव शोधावं लागतं. कायदा नाही म्हणून नव्हे. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली बदल झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. वडील त्या बदलाच्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली सांगितलं. (आदिवासी मैत्रिणींना हा कायदा थेट लागू होत नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तालुका विधी सेवा समितीत बायांना मोफत सल्ला मिळतो, तिथं विचारा.)

आणि तरी हक्कसोडपत्रावर सही करून आपण साडीचोळी घेऊन परत येतो. का? सही नाही केली तर माहेर तुटेल, भाऊबीजेला दार बंद होईल, ही भीती. ही भीती कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही. ती रीतीत आहे, आणि रीत कायद्यापेक्षा खोल बसलेली असते. खासी बहिणीला हा प्रश्न कधी पडतच नाही, कारण तिचं माहेर म्हणजेच तिचं घर.

पुढच्या साप्ताहिक बैठकीत बादलीचा खेळ आपण करून बघायचा आहे. बादली, चेंडू, तीन मीटरवर खडूची रेघ. पैशाऐवजी शेंगदाणे चालतील. चेंडू टाकायच्या आधी प्रत्येकीनं ‘साधा’ की ‘स्पर्धा’ हे चिठ्ठीवर लिहून सचिवाकडे द्यावं, मोठ्यानं सांगू नये, नाहीतर एकीचं बघून दुसरी बदलते. खेळ झाल्यावर चिठ्ठ्या उघडा. ‘साधा’ लिहिणारीला विचारा, लहानपणी तुला कोणत्या कामाला ‘हे मुलीचं नव्हे’ म्हणून अडवलं होतं? ‘स्पर्धा’ लिहिणारीला विचारा, तुला पुढं कोणी ढकललं? चर्चा इतिवृत्तात लिहून घ्या आणि महिनाअखेरच्या प्रभागसंघाच्या बैठकीला सोबत आणा. सोबत आणखी एक आकडा आणा: आपल्या गटातल्या किती जणींनी हक्कसोडपत्रावर सही केली आहे, आणि किती जणींना अजून करायची आहे.