रोपवाटिकेपासून रानापर्यंत

वृक्षारोपणाचा हिशेब सामान्यतः लावलेल्या रोपांवरून मांडला जातो. खड्डे किती घेतले व रोपे किती लावली, हे आकडे आषाढातच तयार असतात. दोन पावसाळे उलटल्यावर त्यांतील किती रोपे उभी राहिली आणि त्यांच्या सावलीत आपोआप रुजलेली नवी रोपटी किती आढळली, हा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. वास्तविक उजाड डोंगरावर रान परत आले किंवा नाही, हे ह्या दुसऱ्या हिशेबावरूनच कळते. उत्तर थायलंडातील चिआंग माई विद्यापीठाने ह्या दृष्टीने जे संशोधन केले, ते डोंगराळ भागातील शेतकरी व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते ह्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

थायलंडच्या दक्षिण भागात १९८८ च्या नोव्हेंबरात महापूर आला व तोडलेल्या डोंगरउतारांवरून दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. त्यानंतर १९८९ मध्ये तेथील सरकारने जंगलतोडीचे ठेके बंद केले. परंतु कुऱ्हाड थांबली म्हणून रान आपोआप परत येत नाही. कोबी, मका, बटाटा अशी पिके काढून सोडून दिलेल्या उतारांवर दाट गवत, नेचे व रानमोडीसारखी तणे माजतात. उन्हाळ्यात ती वाळून वणवा पेटतो, कोवळी झाडे जळतात आणि पहिल्या पावसाबरोबर तणच पुन्हा वर येते. हे चक्र तोडावयाचे कसे, हा प्रश्न घेऊन १९९४ साली चिआंग माई विद्यापीठात वनपुनर्स्थापनेचा संशोधन विभाग सुरू झाला. स्टीफन इलियट आणि विलैवान अनुसार्नसुंथोर्न हे त्याचे संस्थापक होत. शहरालगतच्या डोई सुतेप-पुई राष्ट्रीय उद्यानात त्यांनी रोपवाटिका उभारली. (तेथील भाषेत डोंगरास ‘डोई’ म्हणतात, हे मराठी माणसास सहज लक्षात राहील.)

ह्या डोंगरावर शेकडो जातींची झाडे आहेत. सर्वांची रोपे करणे कोणत्याही रोपवाटिकेस शक्य नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात आधीच एक रीत सिद्ध झाली होती. तीनुसार निवडक वीस-तीस देशी जाती लावून रानाचा केवळ सांगाडा उभा करावयाचा आणि बाकीचे बी पक्षी व प्राणी ह्यांना आणू द्यावयाचे. ह्या जातींची निवड कसोशीने करावी लागते. रोप उघड्यावर तगले पाहिजे, लवकर वाढून पसरट व दाट छत्र धरणारे असले पाहिजे, म्हणजे खालचे तण सावलीने मरते. लहान वयातच त्यास फुले, फळे किंवा मध येऊन पाखरे आकर्षित झाली पाहिजेत. वणव्यानंतर बुंध्यातून पुन्हा फुटण्याची शक्ती असल्यास अधिक चांगले. शेवटची अट रोपवाटिकेची आहे : बी सहज मिळावे व उगवावे. चिआंग माईच्या यादीत ज्या जाती उतरल्या, त्यांत उंबर, शिवण आणि बोक ही आपल्याकडील झाडेही आहेत. पांगारा व बकाणा ह्यांच्या कुळातील झाडे आणि हिमालयात पद्मक म्हणून ओळखली जाणारी रानचेरी ह्यांचाही त्यांत समावेश आहे.

संशोधनाचा खरा कस लागला तो वेळापत्रकात. रानातील झाडे वर्षाच्या बाराही महिन्यांत निरनिराळ्या वेळी फळतात, परंतु सर्व जातींची रोपे पावसाच्या आरंभी, म्हणजे जूनमध्ये, एकाच वेळी लावणीयोग्य झालेली हवीत. म्हणून संशोधकांनी प्रथम रानातील खुणा केलेल्या झाडांकडे ठराविक अंतराने फेऱ्या घालून फुलोरा व फळे ह्यांच्या नोंदी केल्या. नंतर प्रत्येक जातीचे बी पेरून उगवण केव्हा सुरू होते, शेकडा किती बी उगवते आणि रोप पिशवीत किती महिने घेते, हे पाहिले. ह्यातून प्रत्येक जातीचे स्वतंत्र वेळापत्रक तयार झाले. रानचेरीचे उदाहरण बोलके आहे. तिचे बी उन्हाळ्यात मिळते व रोप इतके झपाट्याने वाढते की लगेच पेरल्यास ते लावणीच्या कित्येक महिने आधीच पिशवीबाहेर जाते आणि मुळे आवळली जातात. अशा जातीचे बी थंड जागी राखून उशिरा पेरणे श्रेयस्कर ठरते. उलट काही जातींचे बी महिनोन्महिने उगवतच नाही, तेव्हा त्यांची तयारी वर्षभर आधी करावी लागते.

आपल्याकडील रोपवाटिकांतही हाच प्रश्न आहे, मात्र त्याची नोंद ठेवली जात नाही. जांभळाचे बी पावसाच्या तोंडावर मिळते व काही आठवड्यांतच निर्जीव होते. ते ताजेच पेरले पाहिजे आणि ती रोपे पुढील पावसाळ्याकरिता धरली पाहिजेत. बहाव्याचे बी टिकते, पण त्याचे कवच इतके कठीण असते की ते खरवडल्याशिवाय किंवा उकळत्या पाण्याची प्रक्रिया दिल्याशिवाय फारच थोडे उगवते. ‘बी वाईट निघाले’ असा शेरा ज्या वाफ्यांवर पडतो, त्यांतील पुष्कळ ठिकाणी बी चांगले असून वेळ किंवा प्रक्रिया चुकलेली असते.

उंबर, पिंपळ, वड ह्या वर्गाविषयी एक निष्कर्ष विशेष नमूद करण्यासारखा आहे. ह्या झाडांची फांदी लावण्याकडे लोकांचा कल असतो, कारण ती सोपी वाटते. चिआंग माई येथे बी थेट जागेवर पेरणे, छाट कलम लावणे आणि बियांपासून वाढविलेली रोपे लावणे ह्या तिन्ही पद्धती ताडून पाहण्यात आल्या. त्यात बियांपासून केलेली रोपेच सरस ठरली. ह्यांचे बी अत्यंत बारीक असल्याने ते उथळ ताटलीत पेरून, पाणी अलगद देऊन, रोपे हाताळण्याजोगी झाल्यावर पिशवीत घ्यावी लागतात. काम कष्टाचे आहे, पण ते वाया जात नाही.

पिशव्या भरण्यासाठी तेथे रानातील माती दोन भाग, नारळाचा भुसा एक भाग व भुईमुगाची टरफले एक भाग असे मिश्रण वापरण्यात आले. पिशव्या एकाच जागी महिनोन्महिने ठेवल्यास मुळे तळातून जमिनीत शिरतात व उचलताना तुटतात. म्हणून त्या मधूनमधून हलवून बाहेर आलेली मुळे छाटणे आवश्यक असते. लावणीपूर्वी सुमारे दोन महिने सावली व पाणी क्रमाने कमी करून रोपे काटक बनविली जातात. एक ते दोन फूट उंचीची, सरळ खोडाची व निरोगी रोपेच डोंगरावर जातात. खुरटलेली रोपे रोपवाटिकेतच टाकून दिली जातात. संख्या भरून काढण्यासाठी ती नेण्यात अर्थ नसतो, कारण ती मरतातच व मजुरीही वाया जाते.

ह्या पद्धतीची कसोटी बान माए सा माई ह्या हमोंग जमातीच्या गावी, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरहून अधिक उंचीवर झाली. गावाच्या वरच्या अंगाचे पाणलोट उजाड झाल्याने तेथील रहिवाशांना पाण्याची चिंता होती आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत राहात असल्याने जंगल राखण्याची आपली तयारी दाखविणेही त्यांना आवश्यक होते. त्यांनी वरच्या भागातील शेते सोडली, गावातच रोपवाटिका चालविली आणि १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून दरवर्षी विद्यापीठाबरोबर लावणी केली.

लावणीपूर्वी तण नुसते कापून भागत नाही, त्याची मुळेही मारावी लागतात. रोपे सुमारे सहा फुटांवर, हेक्टरी ३,१०० म्हणजे एकरी साधारण १,२५० ह्या प्रमाणात, सर्व जाती मिसळून लावली गेली. पहिल्या दोन्ही पावसाळ्यांत चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीनदा खुरपणी करून खत दिले गेले व बुंध्याभोवती आच्छादन घातले गेले. जानेवारीत निदान २५ फूट रुंदीच्या जाळरेषा काढून उन्हाळाभर गावकऱ्यांनी पाळीपाळीने वणव्यावर पहारा ठेवला. हा पहारा गावाने स्वतःहून घेतला नसता तर विद्यापीठाच्या साऱ्या नोंदी एका दुपारी राख झाल्या असत्या. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस शेकडा ७० हून अधिक रोपे जिवंत असणारी जात उत्तम समजली गेली. त्याहून फार मागे राहणाऱ्या जाती पुढील लावणीतून वगळण्यात आल्या.

फळ चांगले मिळाले. सुमारे तीन वर्षांत झाडांची छत्रे एकमेकांस भिडली व तण हटले. लावणीपूर्वी ३० च्या आसपास असलेल्या पक्ष्यांच्या जाती सहा वर्षांत ८८ झाल्या. आठ-नऊ वर्षांनंतरच्या पाहणीत, कोणीही न लावलेल्या ७३ जातींची झाडे त्या जमिनीत रुजलेली आढळली. हे बी आणण्यात बुलबुलासारख्या लहान पाखरांचा वाटा सर्वांत मोठा होता.

ही रीत सर्वत्र मात्र लागू पडणार नाही. जवळपास मूळ रानाचा तुकडा शिल्लक असेल आणि तेथून फळे खाऊन येणारी पाखरे असतील, तरच मोफत बी मिळते. सह्याद्रीच्या पुष्कळ गावांत देवराई हे काम करू शकेल. जेथे जमिनीत जुने बुंधे व खुंट जिवंत आहेत, तेथे लावणी करण्याआधी चराई व आग बंद करून दोन वर्षे वाट पाहणे स्वस्त पडते. जातींची यादीही थायलंडची उचलून चालणार नाही. ती ज्या त्या भागातील रानात फिरून, फळांचे महिने लिहून व रोपे वाढवून पाहूनच ठरवावी लागेल. हे काम गावातील गुराखी व वनोपज गोळा करणाऱ्या स्त्रिया ह्यांच्या माहितीशिवाय होणे कठीण आहे. मोठ्या बियांच्या झाडांची अडचण तर तेथेही सुटलेली नाही. ज्या फळांचे बी बुलबुलाच्या चोचीत मावत नाही आणि जी गिळणारे मोठे पक्षी व प्राणी त्या भागातून नाहीसे झाले आहेत, त्यांचे बी आपोआप येत नाही. अशा झाडांची रोपे माणसानेच करून, सावली धरल्यावर मधल्या जागेत लावावी लागतात.