चार डिस्क म्हणजे चार प्रती नव्हेत

प्रश्न : घरी १६ टेराबाइटच्या चार डिस्क लावून सर्व्हर बांधतोय. रेड-५ असताना वेगळा बॅकअप लागतो का?
– एक वाचक, भेस्तान (सुरत)

उत्तर : लागतोच. एखादी डिस्क बिघडली तरी काम थांबू न देणे, एवढेच रेड-५ चे काम. चुकून पुसलेली फाइल किंवा रॅन्समवेअरने खराब केलेला फोल्डर ते तसाच सगळ्या डिस्कवर नोंदवते. शिवाय सेकंदाला २०० मेगाबाइट वेग धरला तरी नवी डिस्क भरायला सुमारे २२ तास लागतात. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळेच गेले. म्हणून जागा ४८ वरून ३२ टेराबाइटवर आली तरी दोन डिस्कचा बिघाड सोसणारे रेड-६ च घ्या. बॅकअपचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण सगळ्याचा बॅकअप नकोच. सिनेमे पुन्हा मिळतील, आईवडिलांचे फोटो मिळणार नाहीत. त्यांची एक प्रत मात्र शहराबाहेरच हवी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तापीने सुरतेचा मोठा भाग बुडवला होता. अशा वेळी शेजारच्या खोलीतली प्रत काय कामाची? नंदुरबार-जळगावकडे नातलग असतील तर एनक्रिप्ट केलेली डिस्क त्यांच्याकडे ठेवा, दर तीन महिन्यांनी बदला आणि बदलताना काही फाइल उघडून नक्की तपासा.