लहरी टेस्टचे करायचे काय?

मित्रांनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट असो वा पहिली नोकरी, 'रिग्रेशन टेस्टिंग' हा शब्द कानावर पडणारच. अर्थ सोपा आहे. कोडमध्ये नवीन काही घातले की आधी नीट चालणारे बिघडले नाही ना, हे पुन्हा तपासायचे. अजाईल पद्धतीत थोड्या थोड्या आठवड्यांनी चालते सॉफ्टवेअर द्यावे लागते. दरवेळी सगळे हाताने तपासत बसणे जमत नाही, म्हणून टेस्ट ऑटोमेट करतात. हिरवे आले की पुढे चला, लाल आले की थांबा.

पण काही टेस्ट लहरी असतात. कोड तोच, टेस्ट तीच, तरी सकाळी पास आणि दुपारी फेल! यांना 'फ्लेकी टेस्ट' म्हणतात.

एखादी फ्लेकी असली तर काय बिघडले, असे वाटेल. जरा गणित करू. समजा ३०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट २०० वेळांतून फक्त एकदा उगाच फेल होते. मग सगळ्या एकदम पास होण्याची शक्यता ०.९९५ चा ३०० वा घात, म्हणजे साधारण २२ टक्के. कोडमध्ये एकही चूक नसताना शंभरातले ७८ रन लाल!

हे नुसते कागदावरचे नाही. गूगलने २०१६ साली सांगितले, की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्ट थोड्याफार फ्लेकी आहेत, आणि पास होणारी टेस्ट अचानक फेल झाली तर सुमारे ८४ टक्के वेळा त्यात फ्लेकी टेस्टचाच संबंध असतो.

मग टीम काय करते? 'पुन्हा रन कर, होईल पास.' खरा धोका इथेच आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. खोट्या हाकांची सवय झाली की खऱ्या हाकेलाही कुणी धावत नाही. शिवाय दरवेळी टेस्टच खोटी असते असेही नाही. कधी कधी दोन थ्रेडच्या शर्यतीचा खरा बग मूळ कोडमध्येच असतो आणि टेस्ट तो अधूनमधून पकडत असते. रीरन करून आपण तोच झाकतो.

कारणे मात्र ठराविक आहेत. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अपाचेच्या प्रोजेक्टमधील अशा दुरुस्त्या तपासल्या. तीन कारणे वर आली :

१) उत्तराची नीट वाट न पाहणे. 'दोन सेकंद स्लीप' लिहिले आणि सर्व्हरला तीन लागले, की टेस्ट फेल. ठराविक वेळ थांबण्याऐवजी हवी ती स्थिती येईपर्यंत थांबा, मात्र कमाल मर्यादा घाला.

२) थ्रेडचा गोंधळ. कोणता थ्रेड आधी पोचेल हे गृहीत धरू नका. सामायिक डेटाला लॉक आहे का, ते बघा.

३) क्रमावर अवलंबून राहणे. एक टेस्ट डेटाबेसमध्ये खरकटे ठेवून जाते, दुसरी त्याच ताटात जेवते. प्रत्येक टेस्टने आपला डेटा स्वतः तयार करावा आणि शेवटी साफ करावा. मधूनमधून क्रम बदलून टेस्ट चालवा, लबाडी लगेच उघडी पडते.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर? मार्टिन फाउलर यांनी २०११ च्या लेखात 'क्वारंटाइन'चा उपाय सुचवला. फ्लेकी टेस्ट मुख्य संचातून काढून वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे बाकीच्यांवर विश्वास राहतो. पण तेवढा भाग तोवर बिनपहाऱ्याचा राहतो, हे विसरू नका. म्हणून संख्येला आणि दिवसांना मर्यादा हवी, आणि प्रत्येक टेस्टपुढे कुणाचे तरी नाव हवे. नाहीतर क्वारंटाइनची अडगळीची खोली होते. मुदत संपली तर टेस्ट नव्याने लिहा, नाहीतर सरळ काढून टाका.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी लाल दिसले की रीरनचे बटण दाबण्याआधी लॉग उघडा. टेस्ट किती लिहिल्या याला महत्त्व आहेच. पण लाल दिसल्यावर टीम खरोखर थांबते का, यावर त्यांची किंमत ठरते.