एंजिनांत अडकून बसलेला सेन्सर कसा काढावा

विहिरीवरील जुन्या ऑइल एंजिनाचें तापमान पाहण्यास बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखालीं हात धरला म्हणजे पुरे होत असे. ट्रॅक्टरावर तें काम पाण्याच्या वाटेंत बसविलेल्या बोटाएवढ्या सेन्सरावर सोंपविलें आहे. तो उष्णतेचें मान विजेच्या खुणेनें चालकापुढील कांट्यास कळवितो. तेलाच्या दाबाचा त्याचा भाऊबंद दिवा लावून सूचना देतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराविषयींचे कडक नियम लागू झाले, तेव्हांपासून अशा एंजिनांवर सेन्सरांची संख्या बरीच वाढली आहे.

सेन्सर स्वतः फार महाग नसतो. तो ज्यांत बसलेला असतो तें हेड मात्र महाग असतें. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असतां मोडक्या सेन्सराचा तुकडा हेडांत रुतून ट्रॅक्टर दारांत उभा राहणें, हें नुकसान सेन्सराच्या किंमतीच्या कित्येक पट आहे. यास्तव हें काम वैशाखांत, सवडीनें करावें, आणि त्यांत बळापेक्षां वेळ अधिक खर्चावा.

सेन्सर अडकतो कां? परभणी, मानवत, जिंतूर, गंगाखेड, कोठेंही पहा, आपल्या काळ्या रानाखालीं बेसाल्टाचा खडक आहे, आणि त्यांतून येणारें विहिरीचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. तेंच रेडिएटरांत ओतण्याची चाल अजून मोडलेली नाहीं. पाणी तापवितांना भांड्याच्या बुडाशीं जसा चुना बसतो, तसाच तो सेन्सराच्या टोंकावर व आट्यांच्या आंतल्या शेवटावर बसतो. ह्या पुटामुळें सेन्सर उष्णता उशिरां व कमी दाखवितो; कांटा मध्यावर असूनही हेड वांकडें होण्याइतकें एंजिन तापलें, असें घडण्याचें हें एक कारण होय. बाहेरून चिखल व खताची दमट धूळ फटींत बसून गंज चढवितात. दोन निरनिराळे धातु ओलाव्यांत एकत्र असल्यानें हा गंज अधिकच पक्का होतो.

काढण्यापूर्वीं सेन्सर खरोखर बिघडला आहे याची खात्री करावी. आमच्या मतें निम्मी दक्षता येथेंच आहे. सोयाबीनच्या पोत्यांशेजारीं ट्रॅक्टर ठेवणाऱ्यांनी आधीं तार उंदरांनी कुरतडली नाहीं ना, तें पहावें. मग जोडावरील हिरवा गंज साफ करावा. जुन्या धर्तीच्या एकाच तारेच्या तापमापक सेन्सराची तार काढून, चावी फिरवून, ती क्षणभर एंजिनाच्या उघड्या लोखंडास टेकवावी. बहुतेक ट्रॅक्टरांत कांटा लगेच उष्ण बाजूस धांवतो. तसें झालें तर कांटा व तार ठीक असून दोष सेन्सराकडे आहे. दोन किंवा अधिक तारांच्या सेन्सरावर हा प्रयोग करूं नये. तेथें मल्टिमीटरनें पहांटे थंड एंजिनावर व पुन्हां तें तापल्यावर रोध मोजावा. उष्णतेबरोबर रोध घटला पाहिजे.

काम करतांना बॅटरीची ऋण तार सोडावी. ऊन एंजिनाच्या रेडिएटराचें झांकण कदापि उघडूं नये. दाबाखालचें पाणी अंगावर उसळून चेहरा भाजतो. एंजिन निवल्यावर सेन्सराच्या पातळीखालीं येईल इतकें पाणी काढून घ्यावें. नव्या एंजिनांत डिझेलच्या उच्च दाबाच्या नळीवरील सेन्सरास मात्र घरीं हात लावूं नये. तेथील दाब हजार बारांहून अधिक असतो आणि डिझेलची बारीक धार कातडीखालीं घुसते.

आतां मुख्य क्रिया. तारेच्या ब्रशानें षट्कोनाभोंवतालची माती काढून बुडाशीं गंज सोडविणारें तेल टाकावें आणि रात्रभर राहूं द्यावें. तें न मिळाल्यास डिझेल चालतें, पण सावकाश. सकाळीं पुन्हां तेल देऊन षट्कोनाच्या धातूच्या अंगावर लहान हातोड्यानें चोहोंकडून हलके ठोके द्यावे. प्लॅस्टिकच्या डोक्यास ठोका लागूं नये. सहा कोनांची खोल गोटी वापरावी. बारा कोनांची गोटी पितळेचे कोपरे गोल करते, आणि पाइप पाना तर ह्या कामीं शत्रूच समजावा. प्रथम पाना आवळण्याच्या दिशेनें केसभर द्यावा, मग सोडण्याच्या दिशेनें. थोडा हलला कीं पाव फेरा बाहेर, पुन्हां आंत, पुन्हां तेल, याप्रमाणें चालवावें. सरळ ओढून काढण्याची घाई झाली कीं सुटलेला गंज आट्यांत दाटून पुढचे आटे खातो.

उष्णतेच्या उपयोगाविषयीं गैरसमज फार आहेत. तापमान १ अंश सेल्सिअसनें वाढलें असतां ॲल्युमिनियम दहा लाखांत सुमारें २३ भाग वाढतें, पितळ १९, पोलाद १२ आणि ओतीव लोखंड ११. म्हणून ॲल्युमिनियमच्या घरांत पोलादी सेन्सर असेल तर घर तापविल्यानें भोंक अधिक फुगून सेन्सर सैल होतो. ओतीव लोखंडांत पितळी सेन्सर असेल तर उलट तो अधिकच आवळला जातो. १४ मिलिमीटर जाडीच्या सेन्सरास ८० अंशांच्या वाढीनें पडणारा हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाच आहे, परंतु गंजलेल्या आट्यांस तेवढाही पुरतो. अशा ठिकाणीं एंजिन चालवून तापवावें, पूर्ण निवूं द्यावें आणि थंड असतांनाच पाना लावावा. फुगण्या-आकसण्यानें क्षाराचें पूट तडकून तेलास वाट मिळते. तेल लावलेल्या जागीं उघडी ज्योत मात्र नेऊं नये.

वेग मोजणारा सेन्सर बहुधा आट्यांचा नसतो. तो रबरी कड्यानें भोंकांत बसून एका बोल्टानें धरलेला असतो. त्याचा बोल्ट काढून कानाखालीं पेचकस घालण्याचा मोह होतो, आणि कान तुटतो. तेल सोडून तो आधीं जागच्या जागीं डावा-उजवा फिरवावा, व फिरूं लागल्यावरच वर ओढावा.

इतकें करूनही षट्कोन तुटला तर तेथेंच थांबावें. पितळी नळकांडें राहिलें असेल तर कुशल फिटर आंतून करवतीच्या पात्यानें आट्यांपर्यंत न पोंचणारे दोन काप घेऊन तें आंत मुडपून काढतो. हें पाण्याच्या वाटेंत करण्याजोगें आहे, कारण पडलेला कीस नंतर पाण्यानें धुवून काढतां येतो. तेलाच्या वाटेंत कीस पडल्यास तो बेअरिंगांपर्यंत जाईल. तें काम कारखान्यांतच द्यावें.

नवा सेन्सर प्रथम बोटांनीच फिरवावा. बोटांनीं तीन-चार फेरे गेला नाहीं तर आटे स्वच्छ करावे. एका तारेच्या सेन्सरास टेफ्लॉनची पट्टी गुंडाळूं नये, कारण त्याची विजेची परतीची वाट आट्यांतूनच असते. पुस्तकांत आवळण्याचा आंकडा दिला असेल तर तोच पाळावा. लहान सेन्सरास पुष्कळदां २० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे वीतभर पान्याच्या टोंकाशीं सुमारें १० किलोचा जोर, पुरेसा होतो. नंतर रेडिएटरांत बोअरचें पाणी न भरतां कूलंट व शुद्ध केलेलें पाणी, निर्मात्यानें सांगितलेल्या प्रमाणांत, घालावें. एंजिन अर्धा तास चालवून सेन्सराच्या बुडाशीं कोरडा कागद फिरवावा, आणि एंजिन निवल्यावर पातळी पुन्हां पहावी.